दूर्वा, हरळी आणि हिरवळ : दख्खनमधील घरगुती बागेसाठी अवर्षणसहनशील गवताच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :

दख्खनच्या अवर्षणप्रवण प्रदेशात घराभोवती हिरवळ राखावयाची असल्यास कोणते गवत निवडावे, हा प्रश्न वरकरणी उद्यानशास्त्राचा वाटतो. परंतु या प्रश्नाला इतिहासाची एक दीर्घ बाजू आहे. ज्या गवताला धर्मपरंपरेने दूर्वा म्हणून पूजिले आणि शेतकऱ्याने हरळी म्हणून उपटले, तेच गवत वसाहतकाळात बंगल्याच्या बागेतील हिरवळ बनले. पुढे ते बर्म्युडा गवत या नावाने अमेरिकेत संशोधनाचा विषय झाले आणि त्याचे संकरित वाण जगभर पसरले. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रवासाचा मागोवा घेतला असून, गवताची अवर्षण सोसण्याची शक्ती आणि वर्षभर हिरवळ पाहण्याची माणसाची अपेक्षा यांतील विसंगती हा त्याचा मुख्य विषय आहे.

बीजसंज्ञा : हरळी, दूर्वा, हिरवळ, वसाहतकालीन उद्याने, अवर्षण, पाणीवाटप.

प्रस्तावना :

मराठीत 'लॉन' या इंग्रजी शब्दासाठी 'हिरवळ' हा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द वस्तूचा निर्देश करीत नाही, तर रंगाचा करतो. दख्खनच्या पठारावर हा रंग मुळात ऋतूचा आहे. ज्येष्ठ-आषाढात माळ हिरवा होतो, भाद्रपदात तो गुडघाभर वाढतो, मार्गशीर्षापासून पिवळा पडू लागतो आणि फाल्गुन-चैत्रात त्याचा रंग मातीत मिसळून जातो. या ऋतुचक्रात कोणालाही काही उणे वाटत नव्हते. घराच्या दारातील गवत बाराही महिने हिरवे असले पाहिजे, ही अपेक्षा मात्र अलीकडची असून तिचा उगम वेगळ्या हवामानात आणि वेगळ्या समाजात झाला.

आज महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या शहरांतही बंगल्यांच्या वसाहती, गृहनिर्माण संस्था, शिक्षणसंस्थांची आवारे आणि मंगल कार्यालये यांत हिरवळ ही जवळजवळ अनिवार्य बाब झाली आहे. त्याच शहरांना उन्हाळ्यात पाणीटंचाईला तोंड द्यावे लागते. अशा वेळी 'कमी पाण्यावर येणारे गवत कोणते?' हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर रोपवाटिकेतील नावांच्या यादीत शोधले जाते. हे उत्तर केवळ यादीत सापडत नाही, त्यासाठी गवत आणि पाणी यांच्या संबंधाचा इतिहास पाहावा लागतो, अशी या निबंधामागील धारणा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दूर्वा किंवा हरळी या गवताचे दख्खनच्या धार्मिक व कृषिजीवनातील स्थान पाहणे.
२) हिरवळीची कल्पना भारतात कशी आली व तिला पाणी आणि श्रम कोठून मिळाले, याचा शोध घेणे.
३) हरळीच्या संकरित वाणांचा इतिहास थोडक्यात मांडणे.
४) या इतिहासाच्या प्रकाशात घरगुती बागेसाठी गवताची निवड व लागवड यांचा विचार करणे.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती :

प्रस्तुत अभ्यास दुय्यम साधनांवर आधारित असून त्यात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासक्षेत्र प्रामुख्याने पुणे व त्याभोवतालचे दख्खनचे पठार हे असून, आवश्यक तेथे अन्य प्रदेशांचे संदर्भ घेतले आहेत.

१. दूर्वा आणि हरळी : एका गवताची दोन नावे

वनस्पतिशास्त्रात 'सायनोडॉन डॅक्टिलॉन' या नावाने ओळखले जाणारे गवत मराठीत दोन नावांनी वावरते. देवघरात ते दूर्वा असते आणि वावरात हरळी. वैदिक वाङ्मयात दूर्वेचे उल्लेख आहेत. पेरापेरातून फुटत जाणारी वनस्पती म्हणून तिचे जे वर्णन यजुर्वेदाच्या परंपरेत येते, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. गणेशपूजनात एकवीस दूर्वांची जुडी वाहतात, तर भाद्रपद शुद्ध अष्टमीला दूर्वाष्टमीचे व्रत केले जाते. ही दोन्ही विधाने पावसाळ्याच्या ऐन भरात येतात, म्हणजे दूर्वा जेव्हा सर्वाधिक कोवळी व सर्वत्र सहज उपलब्ध असते त्या काळात. पूजेने गवताचा ऋतू स्वीकारला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

शेतकऱ्याचा अनुभव मात्र वेगळा होता. या गवताची खोडे दोन प्रकारची असतात. काही जमिनीवरून सरपटत जातात, तर काही जमिनीखाली वाढतात आणि दोहोंच्या प्रत्येक पेरापासून नवे मूळ व नवा फुटवा निघू शकतो. कुळवाच्या पाळीने हरळी मरत नाही. उलट तिचे तुकडे होऊन ती शेतभर पसरते. म्हणूनच हरळी आणि कुंदा ही दोन गवते काळ्या जमिनीतील शेतकऱ्याची जुनी डोकेदुखी ठरली. हरळीने धरलेले वावर कुदळीने खणून मुळ्या वेचणे किंवा उन्हाळ्यापूर्वी खोल नांगरट करून मुळ्या उन्हात वाळविणे, हे दोनच उपाय होते. दोन्ही उपाय कष्टाचे व खर्चाचे असल्याने लहान शेतकऱ्याला ते पेलत नसत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे आरंभी गिऱ्हाईक मिळणे कठीण गेले. तथापि पुढे हा नांगर दख्खनमध्ये रुजला. खोल नांगरटीने हरळीसारख्या चिवट तणांचा बंदोबस्त करता येणे, हा अशा नांगराचा शेतकऱ्याला दिसणारा एक मोठा लाभ होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. ज्या गुणामुळे हरळी शेतकऱ्याची वैरीण ठरली, तोच तिचा अवर्षण सोसण्याचा गुण होय. पाऊस संपला की तिची पाने वाळतात, परंतु जमिनीखालील खोडे जिवंत राहतात. ती महिनोन्महिने सुप्तावस्थेत राहून पहिल्या वळवाबरोबर पुन्हा फुटते. वाळून जाणे ही तिची जगण्याची रीत आहे.

२. हिरवळीच्या कल्पनेचे आगमन

इंग्लंडमध्ये उमरावांच्या वाड्यांभोवती आखूड गवताची विस्तीर्ण मैदाने राखण्याची पद्धत अठराव्या शतकात विशेष भरभराटीला आली. तेथील थंड व दमट हवामानात वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो, त्यामुळे गवताला मुद्दाम पाणी देण्याची फारशी गरज भासत नाही. खर्च होता तो कापणीचा. हे काम विळ्याने मजूर करीत किंवा मेंढ्या चरवून साधले जाई. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्यानंतर ही चैन हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

ज्या काळात इंग्लंडमध्ये हिरवळ ही मध्यमवर्गीय घराची खूण बनत होती, त्याच काळात इंग्रजी अधिकाऱ्यांचे बंगले भारतातील छावण्यांत उभे राहत होते. मायदेशाची आठवण म्हणून त्यांना बंगल्यासमोर हिरवळ हवी होती, पण इंग्लंडमधील नाजूक गवते दख्खनच्या उन्हात टिकणे शक्य नव्हते. त्यामुळे उत्तर भारतात 'दूब' व दख्खनमध्ये 'हरळी' म्हणून माहीत असलेल्या स्थानिक गवताचाच आश्रय घेण्यात आला. बंगालमधील पाद्री थॉमस फर्मिंजर यांनी १८६० च्या दशकात लिहिलेली उद्यानविषयक पुस्तिका आणि पुण्यातील गणेशखिंड वनस्पती उद्यानाचे काम पाहणारे जॉर्ज मार्शल वुड्रो यांचे भारतातील बागकामावरील पुस्तक, ही या काळातील उद्यानवाङ्मयाची महत्त्वाची उदाहरणे आहेत. युरोपीय गृहस्थाने भारतात बाग कशी करावी, हा या वाङ्मयाचा विषय होता.

हरळीची निवड ही वसाहतकालीन उद्यानशास्त्राची एक शहाणी निवड म्हणावी लागेल. तेथे स्थानिक हवामानाशी जुळणारी वनस्पती घेतली गेली. परंतु वनस्पती स्थानिक घेतली, तरी तिच्याकडून केलेली अपेक्षा विलायती होती. हरळीने चैत्र-वैशाखातही हिरवे राहावे, असा आग्रह धरला गेला आणि त्या क्षणी तिच्या सहनशीलतेचा लाभ संपुष्टात आला.

भारतीय उद्यानपरंपरेत याहून निराळा विचार होता. मोगल चारबागेत पाण्याचे पाट, फळझाडे, सावली आणि सुगंधी फुले यांना प्राधान्य असे, मोकळ्या आखूड गवताला नव्हे. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, ताजमहालाच्या बागेची पुनर्रचना झाली आणि तेथे आज दिसणाऱ्या मोकळ्या हिरवळींना प्राधान्य मिळाले. आता बहुसंख्य पर्यटक त्या हिरवळीलाच मोगल बाग समजतात. एका कल्पनेने दुसऱ्या कल्पनेची जागा किती सहजपणे घेतली, याचे हे बोलके उदाहरण होय.

३. कालव्याचे पाणी आणि बंगल्याची हिरवळ

पुणे हे मुंबई सरकारचे पावसाळी मुक्कामाचे ठिकाण आणि मोठे लष्करी ठाणे होते. दापोडी येथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८३८ ते १८४७ या काळात त्याचे अधीक्षक होते. पुढे गणेशखिंड येथे १८६४ नंतर गव्हर्नरचे नवे निवासस्थान बांधण्यात आले. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण ते ओळखतो. त्याच्या परिसरात १८७३ मध्ये वनस्पती उद्यान उभे राहिले.

या उद्यानविस्ताराला समांतर अशी दुसरी घटना म्हणजे खडकवासल्याचे धरण. १८६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे काम १८७० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले. त्यातून निघालेला मुठा कालवा पुणे शहर व छावणीच्या कडेने पूर्वेकडील शेतीकडे जाई. पाण्याची ही सोय होत असतानाच १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. पुणे सार्वजनिक सभेने या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. माणसांच्या अन्नाइतकाच जनावरांच्या चाऱ्याचा प्रश्नही गंभीर होता. गवत हा शब्द त्या दिवसांत रयतेच्या तोंडी बैल जगण्या-मरण्याच्या संदर्भात येत होता आणि छावणीच्या बंगल्यात तोच शब्द शोभेच्या संदर्भात वापरला जात होता.

या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा १८८३ मध्ये पूर्ण झालेला ग्रंथ पाहिला पाहिजे. ओढ्यानाल्यांवर जागोजागी बंधारे घालावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, डोंगरातून वाहून जाणारी सुपीक माती व कुजलेला पाला शेतातच अडवावा, असा विचार त्यांनी तेथे मांडला. उद्यानपुस्तिकांत पाणी हे शोभेचे साधन म्हणून येते. फुले यांच्या लेखनात ते शेतकऱ्याच्या हक्काचे व जमिनीत मुरविण्याचे द्रव्य म्हणून येते. दोन्ही लेखन एकाच काळातील, एकाच पठारावरील आहे. हिरवळीच्या इतिहासात फुले यांचे नाव सहसा घेतले जात नाही. परंतु दख्खनमध्ये पाणी कोणासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न ज्यांनी स्पष्टपणे विचारला त्यांत ते अग्रणी होते आणि या विषयाचा मूळ प्रश्न तोच आहे.

४. हिरवळीमागील श्रम

हिरवळ आपोआप राहत नाही. नळ येण्यापूर्वी बंगल्याच्या बागेला पाणी घालण्यासाठी मोट, कावड आणि भिस्त्याची कातडी पखाल ही साधने होती. माळी, भिस्ती, गवत कापणारे आणि रूळ ओढणारे मजूर यांच्या श्रमांवर ही शोभा उभी होती. त्यांच्या नावांची नोंद क्वचितच झाली.

त्यातील एक अपवाद म्हणजे पळवणकर बाळू. चर्मकार समाजात जन्मलेले आणि पुढे भारताचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज म्हणून कीर्ती मिळवणारे बाळू १८९० च्या दशकात पुण्यातील युरोपीय क्लबात अल्प वेतनावर काम करीत होते. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळी उभारणे, प्रसंगी टेनिसची मैदाने आखणे हे त्यांचे काम होते. ज्या गवताची निगा त्यांनी राखली, त्याच्यावर समानतेने वावरण्याचा अधिकार त्यांना सहजासहजी मिळाला नाही. हिंदू संघात खेळतानाही चहापानाच्या वेळी त्यांना वेगळे ठेवले जाई, हे सर्वश्रुत आहे.

मुंबईतही गवतावरून संघर्ष झाला. १८८० च्या दशकाच्या आरंभी मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या देशी खेळाडूंनी, युरोपियनांच्या पोलोच्या घोड्यांमुळे मैदानातील गवत उखडले जाते, अशी तक्रार सरकारकडे अर्जाद्वारे केली. पारशी क्रिकेटपटू शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात या लढ्याची हकीकत नोंदविली आहे. गवताचा तुकडा कोण वापरतो आणि कोणासाठी राखला जातो, हा प्रश्न सामाजिक सत्तेचा होता, हे यावरून दिसून येते.

५. हरळीचा सागरापलीकडील प्रवास

आफ्रिका व आशियातील उष्ण प्रदेशांत पसरलेले हे गवत जहाजांबरोबर अमेरिकेत पोहोचले आणि तेथे 'बर्म्युडा गवत' या नावाने ओळखले जाऊ लागले. बर्म्युडा बेट हे त्याचे मूळ स्थान नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या शेतकऱ्यांनीही आपल्या शेतकऱ्याप्रमाणेच त्याला तण मानले.

जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथील संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी १९३६ पासून या गवतावर काम केले. त्यांनी प्रथम चाऱ्यासाठी 'कोस्टल' हे वाण १९४३ मध्ये दिले. त्यानंतर हरळीचा आफ्रिकेतील एका बारीक पानाच्या जातीशी संकर करून हिरवळीसाठी वाण तयार केले. त्यांतील १९६० मध्ये प्रसारित झालेले 'टिफवे' हे वाण जगभरच्या क्रीडांगणांवर पसरले. या संकरित वाणाला जिवंत बी धरत नाही. त्यामुळे त्याची लागवड खोडाच्या तुकड्यांनी किंवा मातीसकट काढलेल्या चौकोनी तुकड्यांनीच करावी लागते.

याच बर्टन यांचा महाराष्ट्राशी आणखी एक संबंध आहे. त्यांनी टिफ्टन येथे विकसित केलेल्या नरवंध्य बाजरीच्या 'टिफ्ट २३ ए' या वाणाच्या आधारे भारतात १९६५ मध्ये 'एचबी-१' हे पहिले संकरित बाजरीचे वाण प्रसारित झाले. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्याला संकरित बाजरीचा परिचय याच धारेतून झाला. पुढे केवडा रोगाने या आरंभीच्या वाणांचे मोठे नुकसान केले. त्यामुळे रोगप्रतिकारक वाणांचे संशोधन पुढे चालू ठेवावे लागले. एकाच संशोधकाच्या हातून एक गवत श्रीमंतांच्या क्रीडांगणासाठी आणि दुसरे गरिबाच्या भाकरीसाठी घडावे, हा योग विचार करावयास लावणारा आहे. बाजरी हेही शेवटी गवतच होय.

अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेकडील प्रदेशांनाही हिरवळीच्या अपेक्षेची किंमत उशिरा कळली. डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ मध्ये अल्पजल उद्यानरचनेसाठी 'झेरिस्केप' हा शब्द रूढ केला आणि त्यानिमित्ताने प्रेअरीतील मूळच्या बफेलो गवताकडे पुन्हा लक्ष वळले. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा करून कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर राखलेली व केवळ शोभेची असलेली हिरवळ २०२६ च्या अखेरपर्यंत संपविण्याचे ठरविले. घरगुती हिरवळ या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली गेली, हेही नमूद केले पाहिजे.

६. स्वातंत्र्योत्तर काळ : 'लॉन्स' आणि टँकर

स्वातंत्र्यानंतर बंगला-संस्कृती नष्ट झाली नाही, तिचे मालक बदलले. सरकारी निवासस्थाने, कारखान्यांच्या वसाहती, महाविद्यालयांची आवारे आणि नंतर शहरांच्या कडेच्या गृहप्रकल्पांनी हिरवळीची कल्पना स्वीकारली. मोकळ्या जागेतील मंगल कार्यालयांना तर महाराष्ट्रात 'लॉन्स' असेच नाव पडले. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात असते, म्हणजे हरळी ज्या काळात स्वभावतः झोपलेली असते, नेमक्या त्याच काळात तिने हिरवे दिसावे अशी मागणी असते.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमीची योजना दिली. परंतु शहरी पाणीवापराचा विचार त्या चर्चेत फारसा आला नाही. तो आला २०१६ मध्ये. त्या वर्षीच्या १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने, क्रिकेटची मैदाने राखण्यासाठी लागणाऱ्या पाण्यासंबंधीच्या जनहित याचिकेवर, ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. सामने हलविल्याने लातूरला पाणी मिळणार नाही, असा युक्तिवाद तेव्हा झाला आणि तो तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता. तरीही गवताला घातलेले पाणी हा सार्वजनिक न्यायाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट या प्रकरणाने ठळकपणे पुढे आणली.

घरगुती पातळीवर हाच हिशेब करून पाहता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरची हिरवळ उन्हाळ्यात हिरवी ठेवण्यासाठी दररोज पाच मिलिमीटर पाणी धरले, तर ५०० लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचा दरडोई १३५ लिटरचा निकष विचारात घेता हे जवळजवळ चार माणसांच्या कुटुंबाचे पाणी होय. टंचाईच्या काळात टँकरने दरडोई २० लिटर पाणी दिले जाते. त्या हिशेबाने ते पंचवीस माणसांचे पाणी ठरते.

७. निवड आणि लागवड : इतिहासातून निघणारा व्यवहार

वरील विवेचनाच्या आधारे घरगुती बागेसाठी पुढील गोष्टी विचारात घेता येतात.

पहिली गोष्ट जागेची. हरळीला पूर्ण ऊन लागते. झाडाखाली किंवा भिंतीच्या सावलीत ती विरळ होते. अशा जागी गवताचा हट्ट न धरता सावलीत येणारी झुडपे लावणे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन करणे श्रेयस्कर. हिरवळ जेवढी खरोखर बसण्या-खेळण्यासाठी लागते तेवढीच ठेवावी.

दुसरी गोष्ट वाणाची. रोपवाटिकांत 'सिलेक्शन वन', 'कोरियन', 'मेक्सिकन' अशी व्यापारी नावे आढळतात. नावावरून निर्णय न घेता गवताची वाढ पाहावी. कोरियन म्हणून विकले जाणारे बारीक, गादीसारखे गवत दिसावयास सुंदर असते व त्याला कापणी कमी लागते, परंतु ते फार सावकाश पसरते आणि तोपर्यंत पाणी व खुरपणी मागत राहते. खोल जमिनीत, उन्हाच्या जागी, कमी पाण्यावर व काहीशा क्षारयुक्त विहिरीच्या पाण्यावरही तग धरणारे गवत म्हणून साधी हरळी किंवा तिचे बारीक पानाचे निवडक वाण अधिक विश्वसनीय ठरते.

तिसरी गोष्ट लागवडीच्या काळाची. दख्खनमध्ये लागवड मृगाच्या पावसानंतर, जून-जुलैत करावी. उन्हाळ्यात जमीन २० ते २५ सेंटिमीटर खणून तापू द्यावी. पहिल्या पावसानंतर लव्हाळा व इतर तण उगवू द्यावे आणि गाठींसह काढावे. लव्हाळा राहिला तर पुढे हिरवळ निर्वेध राहत नाही. जमीन भारी काळी असल्यास तिच्यात पोयटा व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि पाणी घरापासून दूर वाहील असा किंचित उतार द्यावा. नंतर दोन-तीन पेरांचे हरळीचे तुकडे ८ ते १० सेंटिमीटर अंतरावर टोकावेत, वरून हलका रूळ फिरवावा. गवताचे तुकडे शेणमातीत कालवून त्यांचा जमिनीवर पातळ थर देण्याची जुनी रीतही उपयोगी आहे, मात्र ती सततच्या ओलाव्यावर अवलंबून असल्याने भर पावसातच करावी. अशा रीतीने सुरुवातीच्या आठवड्यांत लागणारे बहुतेक पाणी पाऊसच देतो. उन्हाळ्यात हिरवळ लावणे म्हणजे सर्वांत जास्त पाणी सर्वांत कठीण महिन्यांत खर्च करणे होय.

चौथी गोष्ट निगेची. रोज थोडे पाणी दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. पावसाळ्यानंतर पाळ्यांतील अंतर वाढवीत नेऊन एकदाच खोल पाणी दिल्यास मुळे ओलाव्याच्या मागे खाली जातात. गवत ४ ते ५ सेंटिमीटर उंच राखावे, जमिनीलगत खरवडू नये. फुलझाडांच्या व भाजीच्या वाफ्यांकडे विटांची खोल कड घालावी, अन्यथा शेतकऱ्याचा जुना अनुभव बागेतही येईल.

पाचवी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अपेक्षेची. मार्च ते मे या काळात हरळीला पिवळी पडू द्यावी. महिन्यातून दोनदा १५ मिलिमीटर पाणी दिले, तरी शंभर चौरस मीटरला महिन्याला ३,००० लिटर लागतात. रोजच्या पाण्याचा हिशेब महिन्याला १५,००० लिटर होतो. म्हणजे पाचव्या हिश्शात गवत जिवंत राहते. खोल जमिनीत चांगले रुजलेले गवत याहूनही कमी पाण्यावर राहते. स्नानाचे व कपडे धुण्याचे पाणी शक्य तेथे वापरल्यास नळाचे पाणी लागतही नाही. पिवळ्या हरळीवर वावर मात्र कमी ठेवावा, कारण सुप्तावस्थेतील गवताला झालेली इजा पाऊस येईपर्यंत भरून निघत नाही.

निष्कर्ष :

१) दख्खनमध्ये हिरवळीसाठी योग्य असे अवर्षणसहनशील गवत बाहेरून आणण्याची गरज ऐतिहासिकदृष्ट्या कधीच नव्हती. दूर्वा किंवा हरळी या रूपाने ते येथे होतेच.

२) वसाहतकाळात गवत स्थानिक निवडले गेले, परंतु वर्षभर हिरवाईची अपेक्षा इंग्लंडच्या हवामानातून आली. या विसंगतीची भरपाई कालव्याच्या पाण्याने व अल्प वेतनावरील श्रमाने करण्यात आली. आज ती बोअरवेल व टँकरने केली जाते.

३) महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये मांडलेला पाणी अडविण्याचा व मुरविण्याचा विचार घरगुती बागेलाही लागू पडतो. पावसावर रुजविलेली व उन्हाळ्यात विसावू दिलेली हरळी जमीन धरून ठेवते, पावसाचा वेग रोखते आणि पाणी मुरण्यास साहाय्य करते. टँकरवर जगविलेल्या हिरवळीचा हिशेब मात्र उलटा आहे. ती जेवढे पाणी मुरविते त्याहून अधिक मागते.

४) संकरित वाणांनी गवताचा पोत, रंग व दाटी सुधारली, परंतु पाण्याचा प्रश्न वाणाने सुटत नाही. अवर्षण सोसणारे गवत अवर्षणातही हिरवेच दिसेल, ही समजूत दूर होणे आवश्यक आहे. सोसणे म्हणजे वाळून जिवंत राहणे.

म्हणून घरगुती बागेसाठी गवत निवडताना वाणाच्या नावाआधी आपण उन्हाळ्यात दारातील पिवळे गवत स्वीकारावयास तयार आहोत काय, हे ठरविणे अगत्याचे आहे. वैशाखात पिवळी पडलेली हरळी दिसली की माळ्याला बोलावण्याची वा नळ सोडण्याची घाई करण्याचे कारण नाही. आषाढात ती फुटते आणि भाद्रपदात गणेशपूजनाच्या जुडीसाठी दारातच उपलब्ध असते.